पत्र्यात ठोकलेली सतरा अक्षरे

आरटीओतल्या जुन्या फायली चाळल्या, तर गाडीच्या कागदांत पुष्कळदा एक लहानशी कागदी पट्टी डकवलेली सापडते. तिच्यावर पेन्सिलचा राखाडी घासा असतो आणि त्या घाशात काही अक्षरे व अंक पांढुरके उमटलेले असतात. आरटीओच्या आवारातले एजंट तिला ‘चेसी प्रिंट’ म्हणतात. बॉनेट उघडायचे, पत्र्यात ठोकलेल्या नंबरावर कागद घट्ट धरायचा आणि वरून पेन्सिल आडवी फिरवायची, एवढीच कृती. नोंदणीची बहुतेक कामे ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीवर गेली, तरी ही पट्टी अनेक ठिकाणी टिकून आहे. त्याचे कारण साधे आहे. कागदावर नंबर कोणीही लिहू शकतो, पण ठसा घ्यायचा तर पत्र्यापर्यंत जावेच लागते.

सामान्य गाडीमालक मात्र त्या पत्र्यापर्यंत सहसा जात नाही. गाडीचा नंबर विचारला की तो एमएच-१२ नाहीतर एमएच-०९ ने सुरू होणारा नंबर सांगतो. पण तो नंबर गाडीचा नसून नोंदणीचा असतो. पुण्यातली गाडी घेऊन कोणी नोकरीसाठी बंगळुरूला गेले आणि तिथे बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवली, तर मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे नव्या राज्यात पुन्हा नोंदणी करावी लागते. मग एमएच जाऊन केए येते, पाटी बदलते, आरसीही बदलते. चेसी नंबर तोच राहतो. कारखान्यात एकदा ठोकला की गाडी भंगारात जाईपर्यंत तोच. सरकार, विमा कंपनी, कर्ज देणारी बँक, गाडी बनवणारी कंपनी आणि पोलीस या सगळ्यांच्या दृष्टीने गाडीची खरी ओळख हीच असते.

आपल्याकडच्या सध्याच्या गाड्यांवर हा नंबर सतरा अक्षरांचा असतो. जगभर त्याला व्हीआयएन म्हणतात, आपल्या गॅरेजात चेसी नंबर. पूर्वी प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने नंबर ठोकत असे. कोणाचा लहान, कोणाचा मोठा. आपल्याकडच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीवर किंवा अ‍ॅम्बॅसेडरवर सतरा अक्षरे शोधत बसू नये. अमेरिकेत १९८१ सालच्या मॉडेलांपासून सतरा अक्षरांचा एकसारखा साचा सक्तीचा झाला. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने त्याआधीच, १९७७ मध्ये, आयएसओ ३७७९ हे मानक काढले होते. भारतात एआयएस-०६५ हे वाहन उद्योगाचे मानक या नंबराची रचना ठरवते, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२२ वा नियम चेसी नंबर, इंजिन नंबर आणि उत्पादनाचा महिना गाडीवर कोरणे बंधनकारक करतो.

नंबर असतो कुठे, याला एकच उत्तर नाही. पुष्कळ मोटारींत बॉनेट उघडल्यावर इंजिनामागे जी आडवी पत्र्याची भिंत दिसते, जिला मेकॅनिक फायरवॉल म्हणतात, तिच्यावर तो ठोकलेला असतो. काही गाड्यांत पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या घुमटाजवळ असतो. काहींत ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली असतो. तिथे गालिच्यात एक चौकोनी झडप कापलेली असते, ती उचलली की खाली पत्रा दिसतो. त्याशिवाय एक छापील पट्टी किंवा स्टिकर असतो, बहुधा पुढचे दार उघडल्यावर मधल्या खांबावर. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींना काचेतून डोकावले तरी काम भागते, कारण अमेरिकेत हा नंबर डॅशबोर्डच्या कडेला, बाहेरून वाचता येईल असा बसवतात. मोटारसायकलवर तो हँडलच्या खाली, चेसीच्या मानेवर असतो; हँडल पूर्ण वळवले की दिसतो. स्कूटरवर बऱ्याचदा प्लॅस्टिकच्या झाकणाआड असतो. ट्रकवर पुढच्या चाकाजवळ चेसीच्या लांब दांड्यावर. आणि मालकाची पुस्तिका, जी कोणी उघडत नाही, तिच्यात नेमकी जागा चित्रासह दिलेली असते.

आता नंबर वाचू. इंग्रजी वर्णमालेतली आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे त्यात कधीच येत नाहीत, कारण त्यांची एक आणि शून्य यांच्याशी गल्लत होते. त्यामुळे कोणी चेसी नंबर सांगताना ‘ओ’ म्हणाले, की ते शून्य आहे असे निःशंक समजावे. आणि विम्याच्या कागदावर कोणी खरोखरच ओ छापले असेल, तर ते लगेच दुरुस्त करून घ्यावे. दाव्याच्या वेळी कागदावरचा आणि गाडीवरचा नंबर जुळला नाही, तर धावपळ मालकाच्याच वाट्याला येते.

पहिली तीन अक्षरे उत्पादकाची. पहिल्या अक्षरावरून जगाचा भाग कळतो: जपानला जे, चीनला एल, जर्मनीला डब्ल्यू, इटलीला झेड, अमेरिकेला एक, चार आणि पाच. आपला भाग एम. पण एम दिसले म्हणजे गाडी भारतीयच, असे नाही. थायलंड आणि इंडोनेशियाही एममध्येच आहेत. भारताच्या वाट्याला प्रामुख्याने एमए ते एमई अशा जोड्या आल्या आहेत आणि अलीकडे एमझेडही दिसते, उदाहरणार्थ किआच्या गाड्यांवर. मारुती सुझुकी एमए३, महिंद्रा एमए१, टाटा मोटर्स एमएटी, ह्युंदाई एमएएल, होंडाच्या मोटारी एमएके, टोयोटा किर्लोस्कर एमबीजे. दुचाकींत बजाज एमडी२, हीरो एमबीएल, टीव्हीएस एमडी६, रॉयल एन्फील्ड एमई३. एकदा ही यादी डोक्यात बसली की दाराच्या खांबावरचा स्टिकरही ओळखीचा वाटू लागतो. यातले एक उदाहरण मला फार आवडते. चाकणच्या कारखान्यात बनलेल्या फोक्सवॅगनच्या गाड्यांचा नंबर एमईएक्सने सुरू होतो. तिथली व्हेंटो मेक्सिकोला निर्यात होत असे. तिकडे कोणी ती तीन अक्षरे पाहून गाडी मेक्सिकोतच बनली असे समजला असेल, तर त्याला दोष देता येणार नाही. ती आली होती पुणे जिल्ह्यातून.

चौथ्यापासून नवव्यापर्यंतची सहा अक्षरे गाडीचे वर्णन करतात: मॉडेल, बॉडीचा प्रकार, इंजिन, गिअरबॉक्स असे काही. कोणत्या अक्षराचा अर्थ काय, हे कंपनी ठरवते, त्यामुळे मारुतीची किल्ली टाटाला लागत नाही. सुट्या भागांच्या काउंटरवरचा माणूस तुमच्याकडे चेसी नंबर मागतो तो याचसाठी. एकाच नावाच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांत ब्रेकचे पॅड किंवा सेन्सर वेगळे असू शकतात. ‘स्विफ्ट डिझेल, २०१६’ एवढे सांगून आणलेला भाग परत करायला जाण्यापेक्षा आरसीचा फोटो पाठवणे बरे.

नववी जागा विशेष आहे, पण ती अमेरिका आणि चीनमध्ये. तिथे ती तपासणीची जागा आहे. प्रत्येक अक्षराला एक अंक दिलेला आहे (ए म्हणजे १, बी म्हणजे २, असे) आणि प्रत्येक जागेला वजन आहे: पहिल्या जागेला ८, मग उतरत सातव्या जागेला २, आठवीला १०, नववीला शून्य, दहावीला ९ आणि तिथून उतरत सतराव्या जागेला पुन्हा २. अंक आणि वजन यांचे गुणाकार करून बेरीज करायची, तिला ११ ने भागायचे. जी बाकी उरेल ती नवव्या जागी. बाकी १० आली तर एक्स. सतराही जागी १ लिहून पाहा. बेरीज येते ८९. अकरा अठ्ठे अठ्ठ्याऐंशी, बाकी १. नवव्या जागी १ आहेच, म्हणजे हिशेब जुळला. लिहिताना एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ही बाकी बहुधा बिघडते आणि संगणक नंबर नाकारतो. अतिशय सुंदर युक्ती आहे. मात्र भारतात नववी जागा अशी तपासणीसाठी ठेवण्याचे बंधन नाही. हे सांगण्याचे कारण असे की नंबर तपासणाऱ्या परदेशी सोयींमध्ये आपल्या गाडीचा नंबर टाकला की त्या तो अवैध असल्याचे सांगू शकतात, आणि जुनी गाडी घेणारा माणूस घाबरतो. असे उत्तर आले म्हणून गाडी चोरीची ठरत नाही. तसेच हिशेब जुळला म्हणून ती निर्धोकही ठरत नाही. बनावट नंबर तयार करणाऱ्यालाही गुणाकार येतो.

दहावी जागा वर्षाची. १९८० ला ए होते, मग बी, सी असे पुढे. २००१ ते २००९ या वर्षांना १ ते ९ अंक आले आणि २०१० ला पुन्हा ए. आय, ओ, क्यूबरोबर यू, झेड आणि शून्यही इथे वापरत नाहीत. त्यामुळे २०१७ चे अक्षर एच, २०१८ चे थेट जे, २०२० चे एल, २०२२ चे एन, २०२३ चे पी, २०२४ चे आर आणि २०२५ चे एस. चक्र तीस वर्षांचे आहे. अमेरिकेत हे अक्षर ‘मॉडेल वर्ष’ सांगते, जे प्रत्यक्ष वर्षाच्या पुढे असू शकते. आपल्याकडे साधारणपणे उत्पादनाचे वर्ष. महिन्यासाठीही एक अक्षर असते, पण त्याची जागा आणि अक्षरांचा क्रम कंपनीनुसार बदलतो, तेव्हा त्या कंपनीचा तक्ता पाहिल्याशिवाय अंदाज बांधू नये.

ही दहावी जागा शोरूममध्ये फार कामाला येते. जानेवारीत नवी म्हणून दाखवलेली गाडी आदल्या वर्षी बनून कित्येक महिने यार्डात उन्हापावसात उभी असू शकते. तशी गाडी घेणे वाईट नाही, पण मग तिची किंमतही तशी हवी, कारण पुढे विकताना गिऱ्हाईक उत्पादनाचे वर्ष बघते. पैसे पूर्ण भरण्याआधी आपल्या नावावर येणाऱ्या नेमक्या गाडीचा चेसी नंबर मागून घ्यावा, दहावे अक्षर पाहावे आणि कंपनीच्या फॉर्म २२ वरच्या महिना-वर्षाशी ताडून पाहावे. विक्रेता नंबर द्यायला टाळाटाळ करत असेल, तर घाई करू नये.

अकरावी जागा बहुधा कारखान्याची, आणि शेवटची अक्षरे त्या गाडीचा अनुक्रमांक. ‘वाहन’च्या अनेक सेवांमध्ये नोंदणी क्रमांकाबरोबर चेसी नंबरची शेवटची पाच अक्षरे विचारली जातात ती इथलीच. समोरून जाणाऱ्या गाडीची पाटी कोणालाही वाचता येते. ही पाच अक्षरे ज्याच्याकडे कागद आहेत त्यालाच ठाऊक असतात. म्हणून आरसीचा पूर्ण फोटो कुठेही टाकून देऊ नये, आणि गाडी विकायची जाहिरात देताना तर मुळीच नाही.

चोराच्या दृष्टीने पाहिले, तर हा नंबर म्हणजे सगळ्यात मोठी अडचण. पाटी बदलणे सोपे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाट्या सक्तीच्या झाल्या, त्यांच्यावर लेझरने कोरलेला क्रमांक असतो, तरीही पाटी म्हणजे वरून बसवलेली वस्तू. चेसी नंबर गाडीच्या अंगात असतो. म्हणून तो घासून काढला जातो, त्यावर दुसरा ठोकला जातो, किंवा नंबराचा तुकडाच कापून दुसऱ्या गाडीत वेल्डिंगने बसवला जातो. या शेवटच्या प्रकारात अपघातात पार चिरडलेली, विमा कंपनीने ‘टोटल लॉस’ ठरवलेली गाडी कागदपत्रांसह स्वस्तात घेतात आणि त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी चोरून तिच्यात हा तुकडा बसवतात. कागद खरे, नंबर खरा, गाडी चोरीची. अशा गाडीच्या गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि पोलीस गाडीही घेऊन जातात, कारण ती दुसऱ्या कुणाची तरी असते.

पण घासलेला नंबर पुरता पुसला जातो, असे मात्र नाही. पोलादावर ठसा ठोकताना नुसता खड्डा पडत नाही. खड्ड्याखालचे धातूचे स्फटिकही दबतात आणि त्यांची घडण विस्कटते. चिखलात पाय रुतला आणि मग वरची माती सारखी केली, तरी खालची जमीन दबलेलीच राहते, तसे. न्यायसहायक प्रयोगशाळेत तो भाग आधी साफ आणि गुळगुळीत करतात आणि त्यावर फ्रायचे द्रावण लावतात. त्यात कॉपर क्लोराइड, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पाणी असते. दबलेला धातू आणि शेजारचा न दबलेला धातू या द्रावणात सारख्या वेगाने झिजत नाहीत, आणि त्या फरकातून जुना आकडा हळूहळू दिसू लागतो. तो दिसत असतानाच फोटो काढावा लागतो, कारण आम्ल पुढे झिजवत राहिले की आकडा पुन्हा नाहीसा होऊ शकतो. इंजिनाचे कवच अ‍ॅल्युमिनियमचे असेल, तर रसायने वेगळी. आणि घासणाऱ्याने दबलेल्या थराच्याही खाली जाऊन धातू काढला असेल, तर काहीच मिळत नाही.

जिथे नंबर मिळाला, तिथे तपासाची दिशाच बदलली. २६ फेब्रुवारी १९९३ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरातल्या वाहनतळात स्फोट झाला. ढिगाऱ्यात व्हॅनच्या चेसीचा एक वेडावाकडा तुकडा सापडला आणि त्यावर नंबर होता. त्यावरून जर्सी सिटीतले भाड्याने गाड्या देणारे दुकान सापडले. व्हॅन चोरीला गेल्याचे सांगून अनामत रक्कम परत मागायला आलेला माणूस मार्चच्या सुरुवातीलाच पकडला गेला. १९ एप्रिल १९९५ च्या ओक्लाहोमा सिटीच्या स्फोटात १६८ जणांचा बळी गेला; तिथेही उडून पडलेल्या ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलवरच्या नंबराने तपास कॅन्सस राज्यातल्या जंक्शन सिटीच्या, गाड्या भाड्याने देणाऱ्या दुकानापर्यंत पोहोचवला.

जिथे नंबर पूर्ण मिळत नाही, तिथे काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. मालेगावात २९ सप्टेंबर २००८ रोजी झालेल्या स्फोटात सहा जणांचा जीव गेला. तपास यंत्रणांनी स्फोटाशी जोडलेल्या मोटारसायकलचे नंबर खोडलेले होते आणि प्रयोगशाळेत ते उठवण्याचा प्रयत्न झाला. ३१ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडले. निकालात जे अनेक मुद्दे होते, त्यांत एक हाही होता की चेसीचा अनुक्रमांक पूर्णपणे मिळालेला नाही, त्यामुळे दुचाकीची मालकी सिद्ध होत नाही. अर्धा नंबर हा सुगावा असू शकतो, पुरावा ठरायला पूर्ण नंबर लागतो.

जुनी गाडी घेणाऱ्याला आम्लाची गरज नसते. नीट पाहिले तरी पुष्कळ कळते. सोबत मोबाईलचा टॉर्च आणि ओळखीचा मेकॅनिक असावा. नंबर आधी पत्र्यावरून वाचून लिहून काढावा आणि मग आरसी उघडावी. आधी आरसी पाहिली की डोळे पत्र्यावर तेच वाचतात. अक्षरे एका ओळीत, एका खोलीची, सारख्या अंतरावर आहेत का? एखादा ३ ओढूनताणून ८ केलेला वाटतो का? आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे, वेल्डिंगची शिवण, लांबीचा फुगवटा, बाकीच्या पत्र्यापेक्षा ताजा रंग दिसतो का? दाराच्या खांबावरचा स्टिकर खरवडून पुन्हा चिकटवल्यासारखा आहे का? तिन्ही जागचे नंबर एकच हवेत. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांच्या संगणकातही चेसी नंबर साठवलेला असतो. गॅरेजातला स्कॅनर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला जोडला की तो पडद्यावर येतो. पत्रा कापून जोडणारे हा चौथा नंबर बदलायला बऱ्याचदा विसरतात, म्हणून ही तपासणी जरूर करावी.

कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने नंबरावर गंज चढतो, तिथे थोडा विचार करावा लागतो. गंजाने पुसट झालेला नंबर आणि मुद्दाम घासलेला नंबर यांत फरक असतो: गंज वेडावाकडा खातो आणि आसपासचा पत्राही खातो, ग्राइंडर फक्त नंबरच खातो. नंबर खरेच वाचता येत नसेल, तर गॅरेजमध्ये तो परत ठोकून घेण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नये; आरटीओच्या परवानगीशिवाय नंबर पुन्हा ठोकला, तर प्रामाणिक मालकही संशयात सापडतो. ठोकलेल्या जागी अधूनमधून ग्रीसचा पातळ हात फिरवला, तर ही वेळच येत नाही.

पत्र्यावरचा नंबर हाती आला की पुढची कामे घरबसल्या होतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या डिजिटल पोलीस सेवेत नोंदणी, चेसी आणि इंजिन हे तीन नंबर भरले, की पोलिसांच्या नोंदींत ती गाडी चोरीची म्हणून आहे का ते कळते. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चेसी नंबर दिला की गाडीची सर्व्हिस कधी झाली, किती किलोमीटरला झाली, मोठी दुरुस्ती झाली का, याची माहिती निघू शकते. मीटर मागे फिरवलेला असेल तर तो बहुधा इथेच उघडा पडतो. ती गाडी कंपनीने दोष दुरुस्तीसाठी परत बोलावली होती का, हेही पाहता येते. मारुती अशा वेळी आपल्या संकेतस्थळावर एमए३ आणि पुढची चौदा अक्षरे टाकायला सांगते. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधल्या दोषामुळे जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या, त्यांत भारतातल्याही होत्या. अशी दुरुस्ती कंपनी फुकट करून देते आणि त्यासाठी पहिला मालकच असावा लागत नाही. तेव्हा गाडी आधीच दारात उभी असेल, तरी आरसी काढून ती सतरा अक्षरे आजच कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावीत. एअरबॅग बदलायची राहिली असेल, तर तशी वेळ मागून घ्यावी.